आवक क्रमांक ३१२

माझी बहीण अलीझा हिने शनिवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, केळीचा ट्रक भरत होता तिथे थांबून, एका घडाचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. अर्धापूर तालुक्यात केळीचा फोटो ही काही बातमी नाही. आमच्याकडे लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा नवरा-नवरीच्या मागे केळीच उभी असते. पण हिने खाली ओळ लिहिली: 'आमच्या शाळेची खो-खो निवड समिती. सगळे एकाच बाजूला वाकलेले.'

चोवीस तासांत त्रेसष्ट जणांनी ते बघितलं. बासष्ट जण हसले असावेत. त्रेसष्टावे बसलिंगप्पा सर होते. ते शाळेचे क्रीडाशिक्षक. निवड समितीत ते एकटेच असल्यामुळे 'सगळे' या शब्दात सगळेच्या सगळे तेच आले.

शाळेचं नाव मी लिहीत नाही. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत तिथून अजून यायची आहे. शाळा जिल्हा परिषदेची, म्हणजे सरकारी, एवढं लक्षात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

झालं होतं असं. अलीझा नववीत. निवडीच्या दिवशी ती तीन मिनिटं चाळीस सेकंद कोणाच्या हाती लागली नाही. तिच्यापेक्षा जास्त वेळ फक्त मैदानात शिरलेलं एक कुत्रं टिकलं. तरी बारा जणींच्या यादीत तिचं नाव शेवटचं, राखीवमध्ये. अलीझाने यादी घरी आणली, पेन्सिलने खुणा केल्या आणि जाहीर केलं की बारापैकी सात जणी बाजारगल्लीतल्या आहेत आणि सरांची भाड्याची खोलीही बाजारगल्लीतच आहे. मग ती ट्रककडे गेली.

सोमवारी तिचं नाव राखीवमधूनही गेलं. पुढच्या सोमवारी संघ लातूरला निमंत्रितांच्या स्पर्धेला जाणार होता. घरी नोटीस आली: गुरुवारपर्यंत पालकांच्या सहीचा माफीनामा आला तर नाव परत. नाही आला तर वर्षभर खो-खो बंद.

माफीनाम्याची आमच्या घरात टंचाई नव्हती. आमचे नाना, म्हणजे अम्मीचे वडील, गुलाम रसूल, बेचाळीस वर्षं तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितात. लोक त्यांना मुन्शीजी म्हणतात. अर्ध्या तालुक्याने उरलेल्या अर्ध्या तालुक्याची माफी नानांच्या अक्षरात मागितलेली आहे. त्यांच्याकडे मजकूर तयार असतो, नाव आणि गुन्हा तेवढा भरायचा. सोमवारी संध्याकाळी त्यांनी चष्मा लावला आणि चार मिनिटांत लिहून वाचून दाखवलं: 'माझ्या हातून अनवधानाने केळीच्या घडाचे छायाचित्र प्रसारित झाले...'

"अनवधानानं नाही," अलीझा म्हणाली. "मी तीन घड बघून त्यातला एक निवडला."

नाना म्हणाले की माफीनाम्यात सगळंच अनवधानाने होतं, तसा रिवाज आहे. त्यांनी एकदा एका माणसासाठी 'अनवधानाने विहीर खोदली' असं लिहिलं होतं आणि तो सुटला होता.

अम्मी म्हणाली, सही मी करते, विषय संपव. अब्बा हैदराबादला फ्रिज दुरुस्तीच्या कामाला असतात, त्यांनीही फोनवरून तेच सांगितलं. अलीझाने कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि नानांच्या खिशात परत ठेवला. तिचं म्हणणं सोपं होतं. ती खोटं बोलली असेल तर तसं कोणीतरी दाखवावं. सात म्हणजे सहा आहेत असं निघालं तर ती एका मुलीपुरती माफी मागेल. नुसतं सरांना वाईट वाटलं म्हणून नाही.

इथे माझा प्रवेश होतो. मी बिलाल. नांदेडला एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रोज एसटीने ये-जा करतो. आमच्या कॉलेजात खोट्या खटल्यांची स्पर्धा असते. चिठ्ठी उचलायची, निघेल त्या विषयावर वकिली करायची. शेजारच्याला अर्धापूरच्या बांधाचा वाद मिळाला. मला अमेरिकेची राज्यघटना मिळाली. मी पहिल्याच फेरीत हरलो, कारण परीक्षकांना 'माय लॉर्ड' म्हणायच्या ऐवजी मी सवयीने 'सर, एक मिनिट' म्हणालो. पण निकाल पाठ झाला तो झाला. त्या क्षणी साऱ्या कायद्यातला मला नीट येत असलेला तो एकमेव निकाल होता.

तर निकाल असा. अमेरिकेत पेनसिल्वेनिया नावाचं राज्य आहे. तिथल्या एका सरकारी शाळेत चौदा वर्षांच्या एका मुलीला मोठ्या चिअरलीडिंग संघात घेतलं नाही, धाकट्या संघात टाकलं. ती शनिवारी एका दुकानापाशी उभी राहिली, फोटो काढला आणि शाळेला, खेळाला आणि उरलेल्या जगाला मिळून एक शिवी दिली. चोवीस तासांनी आपोआप पुसलं जाणारं ते चित्र कोणीतरी सरांना दाखवलं. वर्षभर संघातून बाहेर. पोरगी कोर्टात गेली. प्रकरण थेट त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२१ साली नऊपैकी आठ न्यायमूर्ती म्हणाले की हे शाळेचं चुकलं.

मी हे सांगून संपवलं. अलीझाने विचारलं, "शनिवारीच?"

"शनिवारीच."

"आणि दुकानापाशी?"

"दुकानापाशी."

"मग नाना," ती म्हणाली, "अर्ज लिहा. माफीनामा देणार नाही, असा."

ही मोठी अडचण होती. बेचाळीस वर्षांत नानांनी कोणत्याही कचेरीला 'नाही' हा शब्द लिहिला नव्हता. अर्जाची सुरुवात 'मेहेरबान' आणि शेवट 'योग्य तो हुकूम व्हावा ही विनंती', मधल्या जागेत माणूस जेवढा वाकेल तेवढा वाकवायचा, हीच त्यांची कला. त्यांनी लिहिलं, 'माफीनामा देण्यास अर्जदार असमर्थ आहे.'

"मी समर्थ आहे. मला द्यायचा नाही."

"बेटा, तसा जुमलाच नसतो."

"मग बनवा."

नानांनी टोपण लावलं. पाणी प्याले. टोपण काढलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'अर्जदार माफीनामा देणार नाही.' चार शब्द. ते लिहिल्यावर त्यांनी हात असा झटकला की मला वाटलं पेनाने शॉक दिला. खाली 'ही विनंती' मात्र घातलीच. ती अलीझाने सोडून दिली. एका दिवसात माणसावर किती ताण आणायचा.

मी निकालाची छापील प्रत आणली. सगळी मिळून पन्नासच्या वर पानं झाली. नानांचा नियम असा की अर्जाला वजन त्याच्यासोबतच्या कागदांनी येतं, आणि सगळ्यात वजनदार कागद सगळ्यात वर लावायचा. साधा अर्ज खाली, सातबारा त्याच्या वर, कोर्टाचा कागद असेल तर तो सर्वांच्या वर. साहेबाची नजर पहिल्या पानावरच जाते, पुढे साहेब कधी जात नाही. बेचाळीस वर्षांच्या या सवयीने त्यांनी अमेरिकेचा निकाल वर ठेवला, अलीझाचा अर्ज तळाला घातला, कोपऱ्यात भोक पाडून टॅग ओवला आणि मंगळवारी सकाळी स्वतः शाळेत नेऊन दिला.

शाळेतले लिपिक शिवशंकर यांच्याकडे त्या दिवशी पोषण आहाराची माहिती, गणवेशाची माहिती आणि माहिती का भरली नाही याची माहिती अशी तीन कामं चालू होती. त्यांचा इंग्रजीशी संबंध पासवर्डपुरता. त्यांनी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरातले पहिले दोन शब्द वाचले: सुप्रीम कोर्ट. पुढचे शब्द वाचायला ते थांबले नाहीत. नाना सांगतात की शिवशंकर उठून उभे राहिले आणि त्यांनी शिक्का दोन्ही हातांनी मारला. नानांना वाटलं, इतक्या वर्षांनी कोणीतरी आपली कदर केली.

आवक रजिस्टरमध्ये नोंद झाली. क्रमांक ३१२. प्रेषक: सर्वोच्च न्यायालय. विषय: नववीतील कुमारी अलीझा हिचे स्टेटस.

सरकारी शाळेत एकदा आवक क्रमांक पडला की तो कागद नाहीसा होत नाही. त्याला उत्तर जावं लागतं.

मंगळवारी दुपारी शाळेत काय झालं ते मला नंतर चार जणांकडून कळलं, आणि चौघांचं जुळलं, म्हणजे खरं असावं. मुख्याध्यापिका मंजुश्री मॅडम उदगीरच्या. शांत बाई. सतरा शिक्षक आणि एक गळकी टाकी त्यांनी सहा वर्षं सांभाळली आहे. त्यांनी रजिस्टर बघितलं, खुर्चीत बसल्या, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं की मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा. त्याचा स्टेटसशी काय संबंध, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. दिल्लीहून शाळेकडे बघत आहेत म्हटल्यावर ते काय काय बघतील याचा नेम नाही. कुलूप निघालं. टाकीवर 'स्वच्छ केल्याचा दिनांक' रंगवला, आणि मग दिनांक खरा करण्यासाठी टाकीही धुतली. संविधानाची उद्देशिका भूगोलाच्या कपाटामागे होती, ती पुसून व्हरांड्यात लावली. बुधवारी बसलिंगप्पा सर टाय लावून मैदानावर आले. खो-खोच्या मैदानात टाय लावलेला माणूस मी तरी ऐकला नव्हता.

आणि बुधवारी अलीझा संघात परत आली. राखीवमध्ये नाही, पहिल्या नऊत. तिच्यासाठी पुनमला काढून राखीवमध्ये बसवलं. पुनम तिच्याच वर्गातली, बाजारगल्लीतली. पुनमने स्वतःचा पाच नंबरचा बनियन घडी करून अलीझाच्या हातात दिला.

"असू दे गं," पुनम म्हणाली. "सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय म्हणल्यावर सर तरी काय करतील."

अलीझा घरी आली ती बनियन हातात घेऊन. तिने तो अंगात घातला नव्हता. तिने नानांना विचारलं की कागद कसे लावले होते. नानांनी अभिमानाने सांगितलं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

मी वकिली सुरू केली. चूक आपली नाही, शिवशंकरांची आहे. पहिल्या पानावर पूर्ण नाव छापलेलं आहे, अमेरिका लपवलेली नाही. समोरच्याने वाचलं नाही तर आपण काय त्याचा चष्मा व्हायचं? नानांनी मान हलवली. बेचाळीस वर्षांत त्यांचा एकही अर्ज चोवीस तासांत चालला नव्हता. हा पहिलाच चालला, तो परत कसा घ्यायचा? अम्मीचं मत, पोरगी खेळतेय ना, मग झालं.

"पण मला खेळावर नाही घेतलं," अलीझा म्हणाली. "दिल्लीतली ओळख आहे समजून घेतलं. मग माझ्यात आणि बाजारगल्लीत फरक काय राहिला?"

यावर अमेरिकेत काय निकाल आहे ते मला पाठ नव्हतं.

"सांगितलं तर पहिल्या नऊतून जाशील," मी म्हणालो. "कदाचित राखीवमधूनही. लातूर गेलंच समज."

"हौ. माहीत आहे."

तिने बनियन इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवला. त्या रात्री तिने दोनदा उठून तो तिथेच आहे का ते बघितलं, असं अम्मी म्हणते. कोणाला ऐकवण्यासाठी नाही म्हणत, नुसतं म्हणते.

गुरुवारी अकरा वाजता शाळा व्यवस्थापन समितीची तातडीची बैठक होती. विषय एकच: सर्वोच्च न्यायालयास द्यावयाचे उत्तर. समितीचे अध्यक्ष ग्यानोबा. त्यांची नऊ एकर केळी आहे, मुलगा आठवीत आहे आणि बैठकीत बोलण्याआधी ते नेहमी खिडकीतून आभाळ बघून घेतात. मॅडमनी तीन पानी मसुदा तयार ठेवला होता. त्यात दीड पान स्वच्छतागृहांबद्दल होतं. मी आणि नाना पालक म्हणून बसलो. अलीझा बनियन घेऊन उभी राहिली.

"मॅडम, ते पत्र आपल्या सुप्रीम कोर्टाचं नाही," ती म्हणाली. "अमेरिकेच्या कोर्टाचं आहे. त्यांनी आपल्याला पाठवलेलंही नाही. नानांनी माझ्या अर्जाला जोडलंय. अर्ज खाली आहे. तुमचा गैरसमज झालाय, आणि कालपासून मला माहीत होतं."

तिने बनियन टेबलावर ठेवला.

शिवशंकर यांनी रजिस्टर छातीशी धरलं. मॅडमनी टॅग उलटवत उलटवत शेवटपर्यंत जाऊन अर्ज काढला आणि वाचला. आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद दिसला, आणि त्याच्या पाठोपाठ, टाकी विनाकारण धुतल्याचा राग. त्यांनी मला विचारलं की दुसऱ्या देशाचा निकाल आपल्या शाळेला लागू होतो का.

इथे खोटं बोलायला जागा होती. पण बहीण शेजारी उभी होती. मी म्हणालो, लागू होत नाही. पण आपल्या राज्यघटनेत एकोणिसावं कलम आहे, बोलण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. आणि १९८६ साली केरळातल्या तीन मुलांना शाळेने काढलं होतं. राष्ट्रगीताला ती उभी राहायची, पण धर्मामुळे गात नव्हती. तेव्हा आपल्याच सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि तो निकाल देताना आपल्या न्यायमूर्तींनी अमेरिकेचाही एक जुना निकाल वाचला होता. म्हणजे वाचायला हरकत नसते.

"म्हणजे माफीनामा यायचाच आहे अजून," बसलिंगप्पा सर म्हणाले. त्यांनी टाय सैल केला.

"थांबा की सर," ग्यानोबा म्हणाले. त्यांनी आभाळ बघितलं आणि माझ्याकडे वळले. "वकील, त्या तिकडच्या पोरीनं काय लिवलं व्हतं?"

"शिवी."

"केवढी?"

"एकच. पण चार वेळा."

"आन् कोरट म्हणलं चालतंय?"

मी सांगितलं, शिवी चांगली आहे असं कोर्ट म्हणालं नाही. कोर्ट म्हणालं, पोरगी शाळेच्या बाहेर होती, सुट्टीचा दिवस होता, तिने कोणाला धमकी दिली नाही, कोणाचा छळ केला नाही, वर्ग बंद पडला नाही. तसं काही झालं असतं तर शाळेला हात घालता आला असता. नुसतं वाईट वाटलं, एवढ्यावर नाही.

मॅडम म्हणाल्या, उद्या सगळी पोरं सगळ्या शिक्षकांवर लिहायला लागली तर शाळा कशी चालवायची ते त्या न्यायमूर्तींनी इथे येऊन सांगावं. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. त्यांच्याकडे सहाशे पोरं आहेत आणि न्यायमूर्तींकडे एकच पोरगी होती.

"समदेच्या समदे न्यायाधीश पोरीच्या बाजूनं?" ग्यानोबांनी विचारलं.

"नाही. नवातला एक विरोधात."

"एक तर कुठंबी असतोच," ग्यानोबा म्हणाले, आणि समिती सदस्यांपैकी कोणाकडेही न बघता बघितलं. "आजून काय म्हणले?"

मी पाठ असलेलं सांगितलं, की त्या निकालात सरकारी शाळांना लोकशाहीच्या नर्सऱ्या म्हटलं आहे. ग्यानोबा पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. नर्सरी हा त्यांच्या अधिकाराचा विषय. त्यांची रोपं टिश्यू कल्चरची, नर्सरीतून येतात.

"नर्सरीतलं रोप आधी सावलीत असतंय," ते म्हणाले. "पण शेतात लावायच्या आधी त्याला थोडं थोडं ऊन दाखवावं लागतंय. न्हाई दाखवलं तर शेतात लावल्या दिवशीच माना टाकतंय. मी एकदा चारशे रोपं तशी घालवली." ते थांबले. चारशे रोपांसाठी थांबले असावेत. मग सरांकडे वळले. "सर, बारातल्या सात पोरी तुमच्या गल्लीतल्या हायत का न्हाईत?"

बसलिंगप्पा सरांनी टाय काढून खिशात घातला.

"हायत," ते म्हणाले. "रोज सकाळी सहाला मी ग्राउंडवर जातो. गल्लीतून जाताना त्या बघतात, मागं येतात. दोन वर्षं येतात. दुसरं कोण येत नाही. जे येतात त्यातून मी घेतो. अलीझा चांगली पळते, मी बघितलं. पण एक दिवस पळणारी आणि रोज येणारी, मी रोज येणारी घेतली. ह्यात माझं चुकलं असेल तर सांगा."

अलीझाचं तोंड उघडं होतं. एवढं मोजलं, पण सकाळी सहा तिच्या हिशेबात नव्हतं.

"मला माहीतच नव्हतं सर," ती म्हणाली. "सहाला सराव असतो हे बोर्डावर कधी लिहिलं नाही."

सरांनी थोडा विचार केला. "नाही लिहिलं," ते म्हणाले. "लिहायला पाहिजे होतं."

"हे बगा," ग्यानोबा म्हणाले. "पोरीनं इचारलं, सर, असं का? त्याचं उत्तर एवढंच व्हतं, दोन मिनिटांचं. अन् तुमी चार दिस झाले माफीनामा मागून राहिलाव."

मग त्यांनी हात पुढे केला आणि ते स्टेटस मागितलं. स्टेटस कधीच पुसलं गेलं होतं, पण फोटो होता; अलीझाने मोबाइल दिला. ग्यानोबांनी घड मोठा करून बघितला, मोबाइल आडवा केला, उभा केला. त्यांचा चेहरा कठोर झाला. मला वाटलं, गेलं सगळं.

"हे मात्र साफ खोटं हाय," ते म्हणाले. "केळं कवा एका बाजूला वाकतंय का? आधी खाली लोंबतंय, मग आपल्याच वजनाच्या उलट वर वळतंय. उजेडाकडं. तीस वर्सं केळी लावून राहिलो, कलणारं केळं एक न्हाई पाह्यलं. ही केळीची बदनामी हाय पोरी."

अलीझाने मोबाइल परत घेऊन फोटो नीट बघितला. बराच वेळ बघितला. घडातली सगळी केळी खरोखरच वर बघत होती.

"हे माझं चुकलं," ती म्हणाली. "लिहून देते."

नानांच्या खिशात माफीनामा होताच, सोमवारपासून चार घड्यांत. त्यांनी टेबलावर तो सपाट केला, 'बसलिंगप्पा सर' खोडून तिथे 'केळी' लिहिलं, आणि 'अनवधानाने' या शब्दावर पेन ठेवून नातीकडे बघितलं. तिने मान डोलावली. या वेळी ते खरोखरच अनवधानाने झालं होतं. तिने सही केली, पालक म्हणून मी केली. मॅडम म्हणाल्या, हे रेकॉर्डला कसं लावायचं? ग्यानोबा म्हणाले, माफीनामा पायजे व्हता, आला. कुणाची माफी मागायची ते नोटिशीत लिवलंय का? नोटीस काढून बघितली. लिहिलं नव्हतं.

समितीने ठराव केला तो असा: स्टेटसबद्दल विद्यार्थिनीवर कारवाई करू नये, तिला पूर्वीच्या जागी, म्हणजे राखीवमध्ये, ठेवावे, आणि सरावाची वेळ फलकावर लिहावी. पहिल्या नऊबद्दल कोणी बोललं नाही. बाहेर व्हरांड्यात पुनम उभी होती. अलीझाने पाच नंबरचा बनियन तिला परत दिला. पुनम म्हणाली, इस्त्री कशाला केलीस, चुरगळलेलाच बरा होता, घसरत नाही.

सगळं संपलं असं वाटलं तेव्हा शिवशंकर खाकरले. आवक क्रमांक ३१२ अजून उघडाच होता. खोडता येत नाही, तपासणीला अडचण होते. प्रेषकाला उत्तर गेल्याशिवाय प्रकरण बंद करता येत नाही. प्रेषकाच्या रकान्यात त्यांनी मॅडमच्या परवानगीने 'अमेरिका' एवढा शब्द लाल शाईने वाढवला. त्यामुळे प्रेषक बरोबर झाला आणि उत्तर टाळायची शेवटची वाट बंद झाली.

मसुदा नानांनी केला. तो मी जसाच्या तसा देतो:

'प्रति, सर्वोच्च न्यायालय, अमेरिका. संदर्भ: आपला दिनांक २३ जून २०२१ चा निकाल. उपरोक्त निकाल या शाळेस उशिरा प्राप्त झाला. सदर निकाल आपल्या देशापुरता असल्याची नोंद घेण्यात आली आहे. तथापि त्यातील मजकूर समितीपुढे वाचण्यात आला. येथील विद्यार्थिनीस संघात ठेवण्यात आले आहे. स्वच्छतागृहाचे कुलूपही काढण्यात आले आहे. माहितीस्तव कळविण्यात येते.'

शेवटी सवयीने नानांचा हात 'योग्य तो हुकूम व्हावा' कडे गेला. त्यांनी 'यो' लिहिला, थांबले, आणि तो खोडला. नवीन कागद घेऊन सगळं पत्र पुन्हा लिहून काढलं, 'यो' शिवाय. मंजुश्री मॅडमनी सही केली. मी ते नांदेडच्या मोठ्या पोस्टातून रजिस्टर केलं. खिडकीवरच्या बाईंनी पत्ता वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की पिन कोड काय. मला तोही पाठ होता.

लातूरला आम्ही उपांत्य फेरीत हरलो. अलीझा दोन सामने बाकावर बसली. तिसऱ्यात दोघी लवकर बाद झाल्यावर सरांनी तिला आत पाठवलं. ती दोन मिनिटं दहा सेकंद पळाली आणि खांबापाशी हाती लागली. सर ओरडले नाहीत. त्यांनी वहीत वेळ लिहून घेतली आणि तिला म्हणाले की खांबाला वळताना डावा पाय उशिरा येतो, तो सकाळी सहालाच सुधारतो.

परतीच्या प्रवासात तिने स्टेटस टाकलं. काळा फळा, त्यावर सरांचं अक्षर: 'सराव: सकाळी ६.' खाली तिची ओळ: 'सर सहाला पाच कमी असताना येतात. मी बघितलंय.' त्रेसष्ट जणांनी बघितलं, त्यात सर होते.

शिवशंकर दर महिन्याच्या शेवटी प्रलंबित प्रकरणांची यादी करतात. तीत वॉशिंग्टनकडून पोच अपेक्षित आहे.